आमचं भंगार, त्यांचं डिझाइन

मागच्या महिन्यात एक जुना विद्यार्थी मला चहाला घेऊन गेला. आता चांगल्या कंपनीत आहे. सरांना टपरीवर कसं न्यायचं, म्हणून पुण्याच्या श्रीमंत भागातल्या एका कॅफेत नेलं. आम्ही ज्या टेबलापाशी बसलो, त्याच्या फळीवर वरच्या कडेला एक गोल खळगा होता. त्या पोराने त्यात मोबाइल टेकवून ठेवला. माझ्या वयाच्या माणसाला कळतं की तिथे दौत बसायची. आणि कोपऱ्यात, कर्कटकाच्या टोकाने कोरलेलं एक 'शीन' होतं. उर्दूतलं शीन. वरचे तीन नुक्ते, त्यातला तिसरा जरा घसरलेला.

टेबलाखाली दोऱ्याने बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल होतं, कारण तिथलं फर्निचर विकायलाही आहे. रिक्लेम्ड टीक, व्हिंटेज स्कूल डेस्क, हँडक्राफ्टेड. किंमत अडतीस हजार. लेबलावर डिझायनरचं नाव होतं. ते मी इथे देणार नाही, कारण त्या बाईंनी काही चोरी केलेली नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या शाळेने साठेक बाक विकले. शाळेत असं काही विकायचं म्हणजे आधी जडवस्तू संग्रह नोंदवही निघते, त्यात 'नादुरुस्त' असा शेरा पडतो, मग समिती बसते, मग निर्लेखन होतं. हा 'निर्लेखन' शब्द मला नेहमीच भयंकर वाटत आलाय. लिहिलेलं खोडून टाकायचं. भंगारवाला आला, त्याने लोखंडी सांगाड्यांचा किलोवर भाव लावला आणि लाकूड 'काढून न्यायचं' या बोलीवर फुकट गेलं. त्याच्या जागी पार्टिकल बोर्डाचे नवे बाक आले. पहिल्याच पावसाळ्यात छत गळलं आणि नव्या बाकांच्या कडा चहात बुडवलेल्या पावासारख्या फुगल्या. टेबल आमच्याच बाकांचं होतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण निर्लेखनाच्या त्या कागदावर तीन सह्या आहेत आणि त्यातली एक माझी आहे. ती करताना मी फळीला हात लावून पाहिलं नव्हतं.

मी हात लावायला हवा होता, कारण मी त्याच घरातला आहे. माझे अब्बा भवानी पेठेत जुन्या लाकडाच्या वखारीत खिळे काढायचे. पेठांमधले वाडे पडत होते, अपार्टमेंटं उठत होती. वाडा पडला की ट्रकने माल यायचा: तुळया, कडीपाटाच्या कड्या आणि फळ्या, दारांच्या चौकटी, कधी एखादी महिरप, कधी सुरुदार खांब. जांबूर आणि पहार घेऊन अब्बा बसायचे. लोहाराने घडवलेले जुने चौकोनी खिळे वेगळे, कारखान्याचे गोल खिळे वेगळे. वाकलेला खिळा ठोकून सरळ करायचा, तोही किलोवर विकला जायचा. त्यांच्या पायात इतक्या वेळा खिळा गेला की दवाखान्यातला कंपाउंडर त्यांना नावाने ओळखायचा. मी बीएडला प्रवेश घेतला तेव्हा अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात लिहिलं, 'लाकडाचे व्यापारी'. अब्बांनी तो अर्ज वाचला होता. काही बोलले नाहीत.

आज माझ्या वर्गात त्याच रकान्यात पोरं 'बिझनेस' लिहितात. मला लगेच कळतं. ज्याच्या बापाचं कापडाचं दुकान आहे तो 'कापड दुकान' लिहितो. 'बिझनेस' लिहिणारा भंगारवाल्याचा असतो.

आता मुद्द्यावर येतो. पडलेल्या इमारतीतून, मोडलेल्या जहाजातून, टाकून दिलेल्या खोक्यांतून फर्निचर बनवणं ही आज जगभर मान मिळवलेली कला आहे. मिळायलाच हवा मान. नेदरलँडचा पीट हाइन एक १९९० मध्ये आइंडहोव्हनच्या डिझाइनच्या शाळेतून बाहेर पडला तो टाकाऊ लाकडाची कपाटं घेऊन. रंग उडालेल्या, वेगवेगळ्या रुंदीच्या फळ्या त्याने झाकल्या नाहीत, तशाच लावल्या. पुढच्याच वर्षी त्याच देशाच्या तेयो रेमीने जुने खण वेगवेगळ्या कपाटांतून काढून एका जाड पट्ट्याने आवळून बांधले आणि त्याला खणांचं कपाट म्हटलं. आज ते संग्रहालयांत आहे. लंडनमध्ये मार्टिनो गँपरने फेकलेल्या खुर्च्या तोडून जोडून शंभर दिवसांत शंभर खुर्च्या केल्या. मला ही सगळी कामं आवडतात. खरंच आवडतात.

पण एक खुर्ची आहे, जिच्यापाशी मी अडतो. ब्राझीलचे कँपाना बंधू, साओ पावलोचे. त्यांनी १९९१ मध्ये लाकडाचे लहानमोठे तुकडे वेडेवाकडे खिळवून, चिकटवून एक खुर्ची केली, आणि तिला नाव दिलं 'फावेला'. फावेला म्हणजे तिथली झोपडपट्टी. झोपड्या जशा मिळेल त्या फळीवर फळी ठोकून उभ्या राहतात, तशी ही खुर्ची. २००३ पासून एक इटालियन कंपनी ती बनवते आणि ती हजारो डॉलरना जाते. झोपडपट्टीचं नाव, झोपडपट्टीची रीत, झोपडपट्टीवाल्याच्या हाताची युक्ती, आणि ज्या दिवाणखान्यात ती खुर्ची ठेवली जाते तिथे झोपडपट्टीवाला फक्त फरशी पुसायला जाऊ शकतो. कुणी म्हणेल, हा गौरव आहे. असेल. मला विचाराल तर ज्याचा गौरव करायचा त्याला आधी बसायला खुर्ची द्यावी.

आपल्याकडेही हेच चाललंय, फक्त इतक्या उघड नावाने नाही. मुंबईत मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात, जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, अलंगला १९८३ पासून जहाजं मोडतात त्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दुकानांत हे काम पिढ्यान्पिढ्या होत आलंय. गिरण्या पडल्या, चाळी पडल्या, त्यांचं बर्मा टीक कुणी वाचवलं? महापालिकेने नाही, वारसा-वारसा करणाऱ्यांनीही नाही. ते वाचवलं लुंगी नेसलेल्या, विडी ओढणाऱ्या, बहुतेक वेळा मुसलमान असलेल्या माणसाने, कारण त्याचं पोट त्यावर होतं. त्या माणसाला आपण भंगारी म्हणतो. तेच लाकूड चार किलोमीटर पुढे गेलं की 'सस्टेनेबल' होतं.

काही वाचक म्हणतील, सर, डिझायनरची अक्कल काही फुकट नाही. मान्य. पण ती अक्कल नेमकी कशात असते ते एकदा नीट पाहू या, कारण मला वाटतं आपण चुकीच्या जागी पैसे मोजतोय.

नवं फर्निचर करताना आधी कागदावर चित्र निघतं, मग लाकूड आणतात. जुन्या लाकडात हे उलटं असतं. आधी लाकूड बघायचं, मग काय होईल ते ठरवायचं. कडीपाटाची कडी तीन-चार इंची जाड असते, ती टेबलाच्या पायाला जाते, पण तिच्या ज्या टोकाने भिंतीत साठ-सत्तर वर्षं काढली ते ओलीने पोखरलेलं असतं, तेवढं वाजवून बघून कापावं लागतं. वाजवून बघणं म्हणजे खरोखर वाजवणं. अब्बा बोटाच्या पेराने ठोकायचे आणि आवाजावरून सांगायचे, आत वाळवी आहे की नाही. जुन्या चुलीचं भोक, जिथे आधी दुसरी लाकडं बसली होती, ते नव्या वस्तूत कुठे येणार? वजन पेलणाऱ्या जागी आलं तर खुर्ची मोडणार, दिसणाऱ्या जागी आलं तर शोभा होणार. आतमध्ये तुटलेला खिळा राहिला तर रंध्याचं पातं जातं, मशीनवर असेल तर कामगाराचा डोळा जातो. म्हणून आजही चांगले कारागीर लोहचुंबक फिरवतात आणि तरी हाताने चाचपतात.

आणि जुनं सागवानच का? जंगलात सावकाश वाढलेल्या झाडाची वलयं दाट असतात, आतलं तेल वाळवीला दूर ठेवतं, आणि ज्या लाकडाने साठ-सत्तर उन्हाळे पाहिलेत त्याला आता वाकायचं-फिरायचं राहिलेलं नसतं. आज लागवडीतलं सागवान वीस-पंचवीस वर्षांत तोडतात, त्यात पांढऱ्या, कच्च्या भागाचं प्रमाण जास्त. ब्रह्मदेशातल्या सागवानावर उभी राहिलेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ सालची. त्या काळापासून येत राहिलेल्या लाकडावर मुंबईची छतं उभी होती. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून न कापलेल्या ओंडक्यांची निर्यातच बंद केली. म्हणजे जुनी इमारत पडते तेव्हा जो माल निघतो, तसा पुन्हा सहजी मिळणार नाही. हे सगळं वखारीतल्या माणसाला ठाऊक असतं. त्याला ते लेबलावर लिहिता येत नाही, एवढंच.

आमच्या गल्लीत एक मिस्त्री आहेत, मी त्यांना चाचा म्हणतो. त्यांना मी मोबाइलवर एक फोटो दाखवला: वाड्याचं नक्षीदार दार आडवं टाकलंय, चार पाय लावलेत, वर काच. किंमत लाखाच्या वर. चाचांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "सर, ये दरवाजा है. इसको सुला दिया, बस." मग त्यांनी समजावलं की दाराची फळी उभी राहायला बनलेली असते, आडवी टाकून मधोमध भार आला की तिची चौकट सैल होते, खाली आडव्या पट्ट्या द्यायला हव्या होत्या. आणि काच का? नक्षीच्या खड्ड्यांत ताट डगमगतं म्हणून. म्हणजे ज्या टेबलावर ताट राहत नाही ते टेबल करून वर काच ठेवून सोडवलं. चाचांनी असं दार कधी टेबलाला घेतलं नसतं. पलंगाच्या डोक्याला घेतलं असतं, जिथे ते उभंच राहतं. हा विचार म्हणजे डिझाइन. चाचा चौथी शिकलेत.

मी सगळ्याच डिझायनरांना झोडपत नाहीये. काहीजण कारागिरासोबत बसतात, मापं शिकतात, आणि कारागिराला न सुचलेल्या गोष्टी त्यांना सुचतात. शिवाय काही धोके असे आहेत की ते शिकलेल्या माणसालाच आधी कळतात आणि त्याने ते खाली पोचवायला हवेत. लाकडी पॅलेटवर छापलेला शिक्का बघायचा असतो: 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन किडे मारलेत, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी धुरीने. एमबी शिक्क्याचं लाकूड घरात, पोरांच्या खोलीत आणायचं नाही. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर क्रिओसोटमध्ये मुरलेले असतात, त्यांचं जेवणाचं टेबल करणं म्हणजे वेडेपणा. तरी करणारे करतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि २०१७ च्या अखेरीस लागू झाली. त्याआधीच्या दारा-खिडक्या कोरड्या घासायच्या म्हणजे ते शिसं फुफ्फुसात घ्यायचं. 'डिस्ट्रेस्ड लुक' हवा म्हणून दिवसभर सँडपेपर मारणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराच्या तोंडावर कुणी मास्क बांधला का? ओल्या कपड्याने पुसून घासायला सांगितलं का? लेबलावर 'पर्यावरणस्नेही' लिहिताना हा पोरगा पर्यावरणात मोजला होता का?

मागणं साधं आहे. लेबलावर दोन नावं लिहा. ज्याने आखलं त्याचं आणि ज्याने केलं त्याचं. तिसरी ओळ हवी असेल तर लाकूड कोणत्या वखारीतून आलं ते लिहा. पुस्तकावर लेखकासोबत मुखपृष्ठ करणाऱ्याचं, छापणाऱ्याचं नाव येतं. टेबलावर यायला काय हरकत आहे? हरकत एकच आहे: नाव कळलं की पुढचं गिऱ्हाईक थेट वखारीत जाईल.

आता दुसरी बाजू, कारण ती मांडली नाही तर मी खोटा ठरेन. भंगाराची गोदामं धोकादायक असतात. थिनर, भुसा, लोंबकळत्या वायरी, वर पत्रा, आत झोपलेले कामगार. आगी लागतात आणि माणसं मरतात. ओशिवऱ्याला लागल्या, कुदळवाडीला लागल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातली हजारो बांधकामं पाडली. त्यात भंगाराची गोदामं आणि लहान वर्कशॉप मोठ्या संख्येने होती. कारणं दिली गेली: अनधिकृत, प्रदूषण, आगीचा धोका. मी ही कारणं खोटी म्हणत नाही. पण शहराला रोज भंगार निर्माण करण्याचा अधिकृत परवाना आहे आणि ते उचलून वर्गवारी करायला अधिकृत जागा नाही, हे कसलं नियोजन? त्या काळात समाजमाध्यमांवर जे लिहिलं गेलं, त्यात आगीबद्दल कमी आणि भंगारवाल्यांच्या नावांबद्दल, धर्माबद्दल, ते 'कुठले' आहेत याबद्दल जास्त होतं. कचऱ्याचं राजकारण झालं की वखारीतला माणूसच कचरा ठरतो.

याच पुण्यात दुसरा रस्ता निघालेला आहे. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायांना, ज्यांतल्या बहुसंख्य दलित, ओळखपत्र मिळालं आणि पुढे त्यांच्याच सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम महापालिकेकडून मिळवलं. ज्या बाईला गल्लीतला कुत्रा आणि पोलीस दोघेही हाकलायचे, तिच्या हातात कार्ड आलं. आपल्या वखारवाल्यांनी, मिस्त्र्यांनी, भंगारवाल्यांनी अशी एक पंचायत का नाही केली? पाडकाम झालं की आपण दुआ मागतो, वकील शोधतो, नगरसेवकाच्या दारात बसतो. त्याआधीची वीस वर्षं आपण काय केलं? फायर एक्स्टिंग्विशर घेतला नाही, संघटना नोंदवली नाही, कामगाराचा विमा काढला नाही.

बोलतोच आहे तर घरातलंही बोलतो. मुलीच्या जहेजमध्ये आपण काय देतो? हप्त्यावर घेतलेला पार्टिकल बोर्डाचा चमकदार पलंग आणि कपाट, ज्याच्या बिजागऱ्या दुसऱ्या ईदपर्यंत निघून येतात. (जहेज मुळात का देतो हा वेगळा लेख आहे, तो मी लिहिलाय आणि त्यावर शिव्याही खाल्ल्यात.) त्याच पैशांत चाचा जुन्या सागाचा पलंग करून देतील, तो तिच्या नातवांपर्यंत टिकेल. पण तो 'जुना' आहे, लोक काय म्हणतील! आपल्याच वखारीत पडलेलं आपल्याला चालत नाही, कॅफेवाल्याला चालतं. रिश्ता बघताना 'लडका क्या करता है' याला 'भंगार का काम है' असं उत्तर आलं की चहाचे कप लवकर खाली ठेवले जातात. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, ही हदीस जुम्याच्या बयानात ऐकताना हेच लोक मान डोलावतात.

आणि मशिदी. माझ्या माहितीतल्या एका मशिदीचं काम निघालं तेव्हा आतले सागवानी खांब आणि माडीचा लाकडी कठडा काढला, ग्रॅनाइट लावलं. लाकडाला वाळवी नव्हती, पोखरलेलं नव्हतं, फक्त ते 'पुरानं' दिसत होतं. मी विचारलं, कुराणाची रिहल, बुटांचं कपाट, मदरशाच्या पोरांसाठी बसकी डेस्क, यातलं काही करता आलं नसतं का? जबाबदार माणसाने मला सांगितलं, "सर, चंदा ग्रॅनाइट के नाम से आया है." इस्राफवर त्याच मशिदीत दरवर्षी रमजानमध्ये बयान होतं. लाकूड कुठे गेलं ते मला माहीत नाही. एखाद्या हॉटेलच्या बारमागे लागलं असेल तर अल्लाह मालिक.

शाळेत 'कार्यानुभव' नावाचा विषय आहे. त्या तासाला आमच्याकडे क्रेप कागदाची फुलं होतात, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर होतं, प्रदर्शन भरतं, फुलं कपाटात जातात. शाळेच्या मागे पत्र्याखाली आजही पंचवीस-तीस मोडके बाक पडलेत. काहींचा फक्त पाय गेलाय, काहींची फळी निखळलीय. वर्गात अशी किमान सात पोरं आहेत ज्यांच्या घरी पहार, करवत, पटाशी आहे आणि त्यांना ती धरता येते. पण तासाला ती हात खाली ठेवून क्रेपची फुलं चिकटवतात, कारण हे येतं म्हटलं की ओळखले जाऊ.

या वर्षीच्या निर्लेखन समितीतही माझं नाव आलंय. मी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिलाय: बाक विकू नयेत, दहा शनिवार चाचांना बोलवावं, आठवीच्या मुलांनी त्यांच्या देखरेखीखाली दुरुस्त करावेत, दुरुस्त बाकावर ज्यांनी केला त्यांची नावं रंगवावीत, चाचांना मिस्त्र्याची रोजची मजुरी शाळेच्या निधीतून द्यावी, 'सन्मानार्थ' नारळ आणि शाल नको. अर्जावर आवक क्रमांक पडलाय. एक सहकारी म्हणाले, पोराच्या हाताला लागलं तर जबाबदार कोण? बरोबर प्रश्न आहे. हातमोजे, चष्मे, प्रथमोपचाराची पेटी यांचा खर्च मी अर्जात जोडलाय, आणि मशीन कुठलंही नाही, हातकाम फक्त.

चाचांना सांगायला गेलो तेव्हा ते एका खिडकीची चौकट घासत होते. ऐकून घेतलं. मग विचारलं, "शनिवारला शाळा सकाळची असते ना? मग फजर पढून थेट येतो. फक्त पोरांना सांगा, चपला नाही, बूट घालून या. खिळा चप्पल बघत नाही."